नरक्या, नंदुरबारचे वाणी आणि आपली सोयाबीन

परवा एक जण बांधावर आला. म्हणाला, "काका, सोयाबीन सोडा, नरक्या लावा. कॅन्सरचं औषध आहे, एकरी लाखानं पैसा." रोपांचे पैसे मात्र आधी द्यायचे! म्हणून या झाडाचा इतिहास लिहितोय.

चीनमध्ये 'शी शू' नावाचं झाड आहे, म्हणजे आनंदाचं झाड. तिथले वैद्य ते औषधाला वापरायचे. १९६६ साली अमेरिकेत डॉ. मनरो वॉल आणि डॉ. मनसुख वाणी यांनी त्यातून कॅम्पटोथेसिन वेगळं काढलं. हे वाणी आपल्या नंदुरबारचे, जन्म १९२५ चा. पुढं टॅक्सॉलही याच जोडीनं शोधलं.

पण अर्क सापडला म्हणजे औषध झालं असं नाही. रोग्यांवर चाचण्या झाल्या, मूत्राशयाला इजा व्हायला लागली, काम थांबलं. १९८५ साली उलगडलं की पेशी वाढताना डीएनएचा पीळ सोडवणारं एक एन्झाइम असतं, त्यालाच हा अर्क अडवतो. मग त्यात बदल करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं केली. त्यांना अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. तीस वर्षं गेली बघा.

मधेच १९७२ साली मुंबईत डॉ. गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना हाच अर्क आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात सापडला. घाण वास येतो म्हणून नाव नरक्या. मागणी वाढली आणि कोल्हापूर, सिंधुदुर्गाच्या रानात कुऱ्हाडी चालल्या. झाड दुर्मिळ झालं.

आता आपलं बघा. नरक्या घाटातल्या धो धो पावसाचं झाड. आपल्याकडं धाराशिवला जूनमध्ये आभाळाकडं बघत बसावं लागतं. शिवाय लाकूड घेणार कोण? मागं सफेद मुसळीत मी हात पोळून घेतलेत. बेणं महागाचं घेतलं, माल निघाला तेव्हा विकणाऱ्याचा फोन बंद.

त्या माणसाला मी एवढंच म्हणलं, "खरेदीचा करार लेखी द्या, आणि आपल्या तालुक्यातलं वाढलेलं एक झाड दाखवा." अजून आला नाही.

आणि हो, कुणी घरी नरक्याचा काढा करून पिऊ नका. तो विषारी आहे. औषध डॉक्टरांकडूनच घ्या.