प्रार्थनासभेपासून फावड्यापर्यंत: चर्चमधील तरुणांच्या सेवा-सप्ताहाचा इतिहास

अमेरिकेतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीत तरुण संघाने, म्हणजे मंडळीतील शाळकरी व नुकत्याच महाविद्यालयात गेलेल्या मुलामुलींच्या गटाने, एक आठवडा घरापासून दूर राहून अंगमेहनतीचे लोकोपयोगी काम करावे अशी प्रथा आहे. हा गट एखाद्या शाळेच्या व्यायामशाळेत किंवा चर्चच्या सभागृहात जमिनीवर पथाऱ्या टाकून झोपतो, सकाळी उपासना करून कामावर जातो, दिवसभर कोणाच्या तरी घराचे गळके छप्पर, कुजलेली जमीन किंवा मोडक्या पायऱ्या दुरुस्त करतो आणि रात्री पुन्हा एकत्र बसून दिवसाचा हिशेब मांडतो. ही प्रथा तेथे आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती ख्रिस्ती धर्माइतकीच जुनी असावी असे वाटते. प्रत्यक्षात मात्र ती फार तर शंभर वर्षांची असून, चर्चमधील तरुणांची संघटना आणि श्रमशिबिर हे तिचे दोन घटक निराळ्या ठिकाणी, निराळ्या हेतूंनी जन्मले व बऱ्याच उशिरा एकत्र आले. त्यांच्या एकत्र येण्याबरोबर गटाच्या पुढाऱ्याचे काम कसकसे बदलत गेले, हा या इतिहासातील सर्वांत लक्षणीय भाग आहे.

पहिल्या घटकाची सुरुवात नेमक्या दिवसापर्यंत सांगता येते. २ फेब्रुवारी १८८१ रोजी अमेरिकेच्या मेन राज्यातील पोर्टलंड येथे विलिस्टन काँग्रिगेशनल चर्चचे पाळक फ्रान्सिस क्लार्क यांनी मंडळीतील तरुणांना आपल्या घरी बोलावून ख्रिस्ती एन्डेव्हर सोसायटी स्थापन केली. तोपर्यंत तरुणांनी उपासनेत मागच्या बाकांवर गप्प बसावे असाच रिवाज होता. क्लार्क यांनी त्यांच्याकडून एक लेखी प्रतिज्ञा घेतली, दर आठवड्याच्या प्रार्थनासभेत प्रत्येकाने काही तरी बोललेच पाहिजे असा दंडक घातला, महिन्यातून एकदा हजेरीपट घेऊन प्रतिज्ञेची उजळणी करण्याची पद्धत पाडली, आणि सगळा कारभार लहान लहान समित्यांमध्ये वाटून दिला. नवे सभासद हेरणारी, प्रार्थनासभा चालवणारी, स्नेहसंमेलने भरवणारी, आजाऱ्यांकडे फुले पोहोचवणारी अशा या समित्या असत आणि त्यांचे अध्यक्षपद विशी-पंचविशीतल्या मुलामुलींकडे असे. मुलींनाही सभेत उभे राहून बोलता येई, ही त्या काळच्या अनेक मंडळ्यांना न रुचणारी गोष्ट होती. ही चळवळ विलक्षण वेगाने पसरली. १८९५ साली बॉस्टन येथे भरलेल्या तिच्या अधिवेशनाला पन्नास हजारांहून अधिक प्रतिनिधी जमले होते. आपले तरुण दुसऱ्या पंथाच्या प्रभावाखाली जातील या धास्तीने मेथडिस्टांनी १८८९ मध्ये एपवर्थ लीग आणि बाप्टिस्टांनी १८९१ मध्ये स्वतःची तरुण संघटना उभी केली, यावरूनही तिच्या बळाची कल्पना येते.

महाराष्ट्राशी एन्डेव्हर सोसायटीचा संबंध सरळ आहे. १८३१ पासून अहमदनगर येथे काम करणारे अमेरिकन मराठी मिशन क्लार्क यांच्याच काँग्रिगेशनल परंपरेतले होते, त्यामुळे त्या मिशनच्या मराठी मंडळ्यांतही एन्डेव्हर सोसायट्या निघाल्या, आणि १९०९ साली संस्थेचे जागतिक अधिवेशन आग्रा येथे भरले. परंतु या टप्प्यावर सेवा म्हणजे मुख्यतः भेट देणे, गाणे, शिकवणे आणि वर्गणी गोळा करणे होते. पुढारी म्हणजे सभा चालवणारा. त्याच्या हाती घंटा व कार्यक्रमपत्रिका असे. फावडे घेण्याची कल्पना त्याला किंवा त्याच्या पाळकाला कोणी सुचवली असती तर ती बहुधा विचित्र वाटली असती, कारण मध्यमवर्गीय चर्चच्या दृष्टीने अंगमेहनत ही मजुरांची बाब होती.

फावडे आले ते युरोपातून, आणि तेही युद्धाला पर्याय म्हणून. पियेर सेरेझोल हे १८७९ मध्ये लोझान येथे जन्मलेले स्विस अभियंते. त्यांचे वडील स्वित्झर्लंडचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले होते, तरी मुलाने लष्करी कर भरण्यास नकार देऊन तुरुंगवास पत्करला. पहिल्या महायुद्धानंतर शांततेची भाषणे पुष्कळ झाली, आता काही तरी हातांनी करून दाखवावे, या विचाराने त्यांनी १९२० च्या हिवाळ्यात वेर्दंजवळच्या एस्न या उद्ध्वस्त फ्रेंच गावात मूठभर स्वयंसेवक नेले व त्यांत जर्मनही ठेवले. तोफगोळ्यांचे खड्डे बुजवणे, रस्ते मोकळे करणे आणि लाकडी निवारे उभारणे हे काम काही महिने चालले. पण ज्यांच्या तोफांनी गाव नष्ट झाले त्याच देशाची माणसे तेथे राबत आहेत हे स्थानिक अधिकाऱ्यांना सोसवेना, आणि १९२१ च्या वसंतात शिबिर गुंडाळावे लागले. श्रमशिबिर, म्हणजे अनोळखी स्वयंसेवकांनी एकत्र राहून बिनमोबदला शारीरिक काम करण्याची योजना, ही अशा रीतीने एका अपयशातून सुरू झाली.

१९२४ साली स्वित्झर्लंडच्या ऑर्मों खोऱ्यात हिमस्खलनाने पसरलेला राडारोडा हटवण्यासाठी झालेल्या शिबिराने त्या योजनेला आकार दिला, आणि तो आकार देण्यात पियेर यांचे बंधू एर्नेस्ट यांचा मोठा वाटा होता. एर्नेस्ट सेरेझोल स्विस सैन्यात कर्नल होते. उठण्याची वेळ, तुकड्या, तुकडीचा मुकादम, हत्यारांची मोजदाद, जेवणाचे वेळापत्रक या सगळ्या गोष्टी युद्धविरोधी शिबिरात एका लष्करी अधिकाऱ्याच्या अनुभवातून आल्या, आणि आजच्या चर्चच्या सेवा-सप्ताहातही त्या जवळजवळ तशाच दिसतात. शांततावाद्यांनी हा विरोधाभास कधी लपवला नाही, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानावे लागेल. १९२८ मध्ये ऱ्हाईनच्या पुराने गाळाखाली गेलेली लिक्टेनस्टाइनमधील शेते साफ करण्यासाठी सुमारे ७०० स्वयंसेवक आले, तेव्हा ही शिस्त कामाला आली. मात्र तिच्यात एक भेदही शिरला होता. शिबिरातील स्त्रियांना 'भगिनी' म्हणत आणि स्वयंपाक, धुणे, शिवण ही कामे त्यांच्याकडे जात, म्हणजे क्लार्क यांच्या प्रार्थनासभेत मुलींना मिळालेला आवाज सेरेझोल यांच्या खणतीवर पुन्हा स्वयंपाकघरात गेला.

भारताला या पद्धतीची ओळख झाली ती बिहारमध्ये. गांधीजी डिसेंबर १९३१ मध्ये फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांना भेटण्यासाठी स्वित्झर्लंडला गेले असता सेरेझोल त्यांना भेटले होते. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारमधील भूकंपानंतर सेरेझोल स्वतः भारतात आले, राजेंद्र प्रसाद यांच्या मदतकार्याशी जोडले गेले, आणि मोजक्या युरोपीय सोबत्यांसह मुझफ्फरपूर परिसरात पुराच्या तडाख्यात सापडणारी गावे उंच जागी नव्याने वसवण्याच्या कामी लागले. हे काम आठवड्याचे नव्हते. ते १९३७ पर्यंत चालले. पन्नाशी उलटलेला एक युरोपीय अभियंता मजुरांबरोबर मातीच्या पाट्या वाहतो आहे, हे त्या काळच्या गोऱ्या समाजाला मानवण्यासारखे नव्हते, आणि नेत्याने आधी स्वतः राबावे हा संकेत इथे पूर्णपणे प्रस्थापित झाला.

अमेरिकेत ही पद्धत क्वेकर पंथाने आणली. मूक उपासना आणि युद्धविरोध यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या लहानशा ख्रिस्ती पंथाने १९१७ मध्ये अमेरिकन फ्रेंड्स सर्व्हिस कमिटी स्थापन केली होती. महामंदीच्या काळात, १९३४ च्या उन्हाळ्यात, पेनसिल्व्हेनियातील बेकार खाणकामगारांसाठी सरकार वसवीत असलेल्या वेस्टमोरलंड होमस्टेड्स या वसाहतीत कमिटीने तरुणांचे पहिले श्रमशिबिर भरवले आणि पाणीपुरवठ्याच्या नळांसाठी चर खणून घेतले. पुढे फिलाडेल्फियातील क्वेकरांनी शनिवार-रविवारची छोटी शिबिरे सुरू केली. त्यांत विद्यार्थी गरीब वस्तीतील भाडेकरूंच्या खोल्या त्या भाडेकरूंच्याच जोडीने रंगवीत. सेरेझोल यांच्या शिबिरांत धर्मप्रचाराला बंदी होती, आणि क्वेकरांनाही प्रवचनाची आवड नव्हती. ज्या सेवा-सप्ताहात आज सकाळ-संध्याकाळ उपासना होते, त्याची कार्यपद्धती अशा रीतीने धर्माबद्दल मुद्दाम मौन पाळणाऱ्या लोकांकडून आली आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जागतिक चर्च परिषदेच्या छायेखाली युरोपात अनेक पंथीय तरुणांची शिबिरे भरू लागली, परंतु शाळकरी मुलांचा एक आठवडा हे आजचे रूप घडले ते ॲपलाशियात. पूर्व अमेरिकेतील या डोंगराळ कोळसाखाणींच्या प्रदेशाचे दारिद्र्य १९६३ मध्ये हॅरी कॉडिल यांच्या ग्रंथाने देशापुढे मांडले आणि १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी केंटकीतील एका कुटुंबाच्या पडवीत बसून दारिद्र्याविरुद्धच्या मोहिमेला चेहरा दिला. १९६९ च्या उन्हाळ्यात मेथडिस्ट पाळक ग्लेन 'टेक्स' इव्हान्स यांनी केंटकीतील बार्बरव्हिल येथे ५० मुले व प्रौढ आणून चार घरांची दुरुस्ती करून घेतली, आणि त्यातून ॲपलाशिया सर्व्हिस प्रोजेक्ट ही संस्था निघाली. १९७६ च्या जुलैअखेर कोलोरॅडोतील बिग थॉम्प्सन नदीच्या पुराने झालेल्या हानीनंतर तेथील ख्रिस्ती तरुणांसाठीच्या एका मासिकाने पुढच्या वर्षी अशीच शिबिरे भरवली. तरुण संघ आणि फावडे यांची गाठ इथे पक्की बसली.

इव्हान्स यांच्या पद्धतीत नेतृत्वाचे तीन थर आहेत. उन्हाळाभर त्या तालुक्यात राहणारे महाविद्यालयीन कार्यकर्ते घरे निवडतात, सामान आणतात आणि काम आखून देतात. मंडळीकडून आलेले दोन प्रौढ पाच-सहा मुलांच्या टोळीबरोबर राहतात. हातोडा मात्र मुलांच्याच हाती असतो. या मधल्या प्रौढाची जागा सर्वांत अवघड असते. बहुधा तो शिक्षक, बँकेतला कारकून किंवा गृहिणी असतो, त्याला सुतारकाम मुलांइतकेच कमी येत असते, आणि तरीही छपरावर चढणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाचे बरेवाईट त्याच्या माथी असते. पालकांच्या सह्यांची संमतिपत्रे, औषधांची पिशवी, गाडी चालवणे, भांडणे मिटवणे, घराची आठवण काढून रडणाऱ्या मुलीजवळ बसणे, दुपारी घरमालकाबरोबर पायरीवर जेवताना मुलांना मोबाइल खिशात ठेवायला लावणे, असे त्याचे खरे काम असते. स्वतः हातोडा घेतल्यास काम दुप्पट वेगाने होईल हे दिसत असूनही मुलाला वाकडा खिळा उपटून पुन्हा ठोकू देणे, हे त्याचे सर्वांत मोठे कसब समजले जाते. गेल्या काही दशकांत कोणीही प्रौढ मुलाबरोबर एकटा राहू नये हा नियमही बहुतेक ठिकाणी कडक झाला आहे, आणि चर्चमधील लैंगिक अत्याचारांची प्रकरणे पाहता त्याला झालेला उशीर अक्षम्य म्हटला पाहिजे.

या प्रथेवरील सर्वांत जहाल टीका चर्चच्या आतूनच झाली. कॅथलिक धर्मगुरू इव्हान इलिच यांनी एप्रिल १९६८ मध्ये, उन्हाळ्यात मेक्सिकोतील खेड्यांत सेवेसाठी जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्याच परिषदेत, तुमच्या चांगल्या हेतूंनी या लोकांचे भले होत नाही, तेव्हा मदत करायला येऊ नका, असे तोंडावर सुनावले. लोकांची भाषा न येणाऱ्या, आठ दिवसांत परतणाऱ्या मुलांच्या प्रवासखर्चात गावातल्या गवंड्याला वर्षभर काम मिळाले असते, हा हिशेब पुढे अनेकांनी मांडला व त्याला समाधानकारक उत्तर आजवर मिळालेले नाही. आपण मुख्यतः मुलांच्या घडणीसाठी हे करतो, घरदुरुस्ती हे तिचे साधन आहे, अशी कबुली जी शिबिरे देतात ती निदान फसवणूक करीत नाहीत. ज्यांच्या घरात काम होते त्यांना ही कबुली कितपत सुखावते, हे मात्र त्या घरांतच विचारावे लागेल. महाराष्ट्रात १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे खेडोपाडी भरत आली आहेत. त्यांचा धर्माशी संबंध नसला, तरी खणलेल्या चराचे पुढे काय होते हा प्रश्न त्यांनाही चुकलेला नाही.

इलिच यांच्या आक्षेपाला व्यवहारातून दिले गेलेले एक उत्तर जॉर्जिया राज्यातील अमेरिकस येथे १९७६ मध्ये स्थापन झालेल्या हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या ख्रिस्ती गृहनिर्माण संस्थेचे आहे. तिच्या नियमाप्रमाणे घर फुकट मिळत नाही. ज्याला ते मिळायचे त्याने ठरावीक तास स्वतः बांधकामावर राबावे लागते आणि पुढे त्याची किंमत हप्त्यांनी फेडावी लागते. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर, जे आपल्या गावच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये रविवार शाळेचा वर्ग घेत असत, १९८४ पासून दर वर्षी पत्नी रोझलिन यांच्यासह या संस्थेसाठी एक आठवडा सुतारकाम करीत. २००६ च्या ऑक्टोबरअखेर तो आठवडा लोणावळ्याजवळच्या मळवली गावी झाला. सुमारे २,००० स्वयंसेवकांनी घरमालक होऊ घातलेल्या कुटुंबांबरोबर १०० घरांचे काम केले, आणि त्या वेळी कार्टर ८२ वर्षांचे होते.