न उलगडता वाचलेले भेंडोळे

इ. स. ७९. व्हेसुव्हियसच्या उद्रेकात पाँपेई गाडले गेले, हे आपण सारे जाणतो. शेजारचे हर्क्युलेनियम मात्र बहुधा दुर्लक्षितच राहते. तेथील समुद्राभिमुख वाड्यात पपायरसच्या शेकडो भेंडोळ्यांचे ग्रंथालय होते. तप्त लोटांनी त्यांचा कोळसा केला, आणि कोळसा झाला म्हणूनच ती टिकली; एरवी इटलीच्या दमट भूमीत ती केव्हाच कुजली असती.

१७५२ च्या सुमारास ती हाती आली. पुढचा इतिहास काहीसा क्लेशदायक आहे. कित्येक भेंडोळी सुरीने चिरण्यात नष्ट झाली. अंतोनियो पियाजो या पाद्र्याने रेशमी दोऱ्यांचे यंत्र रचून काही उलगडली खरी. पण एकेकीस वर्षे लागत. त्यांतूनच फिलोडेमस या एपिक्युरसपंथी तत्त्वज्ञाचे लेखन प्रकाशात आले. १८०२ मध्ये सहा भेंडोळी नेपोलियनला भेट गेली. त्यांतले एक आपल्या कथेचा नायक आहे.

ते न उघडता क्ष-किरणांनी आतून पाहता येते, हे केंटकी विद्यापीठाचे ब्रेंट सील्स अनेक वर्षे सांगत होते. अडचण शाईची होती. आपल्या जुन्या पोथ्यांप्रमाणेच येथील शाईही काजळीची. म्हणजे कोळशावर कोळशाने लिहिलेले! क्ष-किरणांना दोहोंत भेद दिसेना.

२०२३ मध्ये सील्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सफर्डजवळच्या सिंक्रोट्रॉनवर टिपलेल्या प्रतिमा जगासमोर ठेवून बक्षिसे जाहीर केली. केसी हँडमर यांनी त्या प्रतिमा तासन्‌तास नुसत्या डोळ्यांनी न्याहाळल्या. काही ठिकाणी सुकलेल्या चिखलासारखी बारीक भेगाळ खूण त्यांना आढळली. तीच शाई होती. (संगणकाच्या या यशात पहिले पाऊल मानवी डोळ्याचे आहे, हे विसरू नये.) त्या खुणेवर ल्यूक फॅरिटर या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने संगणकाला शिकवले, आणि ऑक्टोबरात एक ग्रीक शब्द वाचला गेला : ‘पोर्फिरास’, अर्थात जांभळा. युसूफ नादेर यांनाही स्वतंत्रपणे तोच शब्द सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये या दोघांनी व ज्युलियन शिलिगर यांनी दोन हजारांहून अधिक अक्षरे वाचून ७ लाख डॉलरचे पारितोषिक मिळवले.

मजकूर सुखाविषयी आहे. दुर्मीळ पदार्थ विपुल पदार्थांहून अधिक आनंद देतात काय, असा लेखकाचा प्रश्न आहे.

हा भाग त्या भेंडोळ्याचा जेमतेम ५ टक्के. शेकडो भेंडोळी अजून बंद आहेत, आणि वाड्याचा बराचसा भाग अद्याप खोदलेलाच नाही. तेथे आणखी ग्रंथ असावेत, अशी काही अभ्यासकांची आशा आहे. पण परिसरात आजचे एर्कोलानो शहर नांदते आहे.