उरलेल्या रेशमातून सणाचा खाऊ : कुंभकोणमची तांबूल-पिशवी

तामिळनाडूतील कुंभकोणम आणि परिसरात शारदीय नवरात्रात घरोघरी बाहुल्यांची आरास मांडली जाते. ती पाहण्यास आलेल्या पाहुण्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचे नाही, असा तेथील संकेत आहे. विड्याची पाने, सुपारी, हळद, कुंकू, एखादे फळ आणि थोडा कोरडा खाऊ घातलेली लहानशी पिशवी निघताना त्याच्या हाती दिली जाते. महाराष्ट्रात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दिल्या जाणाऱ्या वाणाचीच ही दाक्षिणात्य बहीण म्हणता येईल.

गेल्या काही दशकांत या पिशवीची जागा प्लॅस्टिकने घेतली होती. तामिळनाडूत १ जानेवारी २०१९ पासून एकदा वापरून फेकण्याच्या प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली आणि कापडी पिशवीकडे पुन्हा लक्ष गेले. कुंभकोणमच्या परिसरात तिच्यासाठी लागणारा कच्चा माल बाहेरून आणावा लागत नाही. रेशमाची कातरणे, जरीच्या काठाचे तुकडे, भेंडाचे उरलेले काप आणि केळीचा सोप या वस्तू तेथील हस्तव्यवसायांतूनच शिल्लक राहतात.

गाव आणि त्याचे मराठी नाते

कुंभकोणम हे तंजावर जिल्ह्यातील शहर कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मध्ये, तंजावरपासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर वसले आहे. दर बारा वर्षांनी येथे महामहम हा स्नानसोहळा भरतो. यापूर्वीचा सोहळा २०१६ मध्ये झाला.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी भोसले यांनी तंजावरला मराठी सत्ता स्थापन केली. १८५५ मध्ये हे राज्य संपुष्टात आले, मात्र त्या काळात स्थायिक झालेली मराठीभाषक कुटुंबे कावेरीच्या खोऱ्यातच राहिली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या संस्थानांचे दिवाण म्हणून ख्याती पावलेले सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणम येथेच झाला. या प्रदेशाच्या कलांना तंजावरच्या मराठा राजांचा आश्रय लाभला. तंजावर शैलीची सोनेरी वर्खाची चित्रे हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय.

कोलू आणि तांबूल

नवरात्रातील बाहुल्यांच्या आराशीला तमिळमध्ये ‘कोलू’ म्हणतात. तीन, पाच, सात किंवा नऊ अशा विषम संख्येच्या पायऱ्यांवर देवदेवता, संत, लग्नाची वरात, बाजार आणि शेतीची दृश्ये मांडली जातात. मानाच्या जागी ‘मरप्पाची’ नावाची लाकडी बाहुल्यांची जोडी असते. ही जोडी मुलीला लग्नात देण्याची आणि पिढ्यान्‌पिढ्या जपण्याची प्रथा आहे. दरवर्षी या जोडीला घरातील रेशमी तुकड्यांची नवी वस्त्रे नेसवतात. उरलेल्या कापडातून सणाची वस्तू घडवण्याचा पहिला धडा घरातील मुलांना अनेकदा या बाहुल्यांच्या निमित्तानेच मिळतो.

नऊ दिवस संध्याकाळी शेजारी, नातलग आणि मैत्रिणी कोलू पाहण्यास येतात. गाणी होतात, ‘सुंडल’ म्हणजे उकडलेल्या कडधान्याला खोबरे आणि फोडणी घालून केलेली उसळ वाटली जाते आणि निघताना तांबूल दिले जाते. भोंडल्याची खिरापत आणि हळदीकुंकवाचे वाण एकाच संध्याकाळी मिळावे, तसा हा प्रसंग असतो. विजयादशमीच्या रात्री एक बाहुली आडवी निजवून आरास आवरती घेतली जाते.

तांबुलातील पाने हा कुंभकोणमच्या अभिमानाचा विषय आहे. कावेरीकाठच्या मळ्यांत पिकणाऱ्या कुंभकोणमच्या विड्याच्या पानाला २०२५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

पिशवीचा प्रवास

तामिळनाडूत लग्नसमारंभाचे तांबूल पिवळ्या सुती पिशवीतून देण्याची पद्धत जुनी आहे. या पिशवीला ‘मंजप्पै’ म्हणतात आणि तिच्यावर वधूवरांची नावे छापलेली असतात. प्लॅस्टिकच्या पिशव्या स्वस्त झाल्या तशी मंजप्पै मागे पडली. पिवळी पिशवी घेऊन शहरात येणारा माणूस म्हणजे खेडवळ, अशी तिची थट्टाही होऊ लागली.

२०१९ च्या बंदीनंतरही सवय सहजासहजी मोडली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये राज्य शासनाने ‘मीण्डुम मंजप्पै’, म्हणजे ‘पुन्हा पिवळी पिशवी’, या नावाने मोहीम सुरू केली. महाराष्ट्रातही मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली होती. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी लागू झाली. त्यामुळे सणाच्या भेटीचे वेष्टन कशाचे असावे, हा प्रश्न आता दोन्ही राज्यांतील घरांपुढे सारखाच आहे.

उरलेले साहित्य कोठून येते

कुंभकोणमजवळचे तिरुभुवनम हे गाव रेशमी साड्यांसाठी प्रसिद्ध आहे. येथील साडीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. विणकरांमध्ये सौराष्ट्री भाषा बोलणाऱ्या समाजाचे प्रमाण मोठे आहे. हातमागावर ताण्याच्या शेवटी काही लांबीचे धागे विणताच येत नाहीत. माग रिकामा करताना ही टोके कापावी लागतात. त्यांचा गुच्छ पिशवीची नाडी आणि गोंडे करण्यास उत्तम असतो. कापडाचे तुकडे मात्र मागावर फारसे उरत नाहीत. ते मिळतात शिंप्याकडे, चोळी बेतल्यानंतर, आणि घरात, जुनी साडी विरल्यानंतर. साडी विरली तरी तिचा काठ बहुधा शाबूत असतो.

दुसरे साहित्य म्हणजे भेंड. पाणथळ जागी वाढणाऱ्या एका वनस्पतीच्या खोडातील हा पांढरा, अत्यंत हलका गाभा. त्यापासून मंदिरांच्या प्रतिकृती, मूर्ती आणि हार करण्याच्या तंजावरच्या कलेला ‘नेट्टी’ म्हणतात. तिला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बाशिंगात आणि मखरात भेंड वापरणाऱ्या मराठी वाचकांना हा पदार्थ नवा नाही. प्रतिकृती कोरताना निघणारे लहान काप फुले आणि पाकळ्या करण्यास पुरेसे असतात.

याशिवाय केळीचा सोप आहे. तामिळनाडूत फुलांचे गजरे आजही केळीच्या धाग्याने बांधले जातात. त्याच धाग्याने पुडीही बांधता येते.

बटवा शिवण्याची रीत

खाऊच्या लहान बटव्यासाठी १२ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब तुकडा पुरतो. तुकड्याच्या दोन्ही आखूड कडांवर ३ सेंटिमीटर कापड आत दुमडून नेफा शिवावा. नंतर तुकडा सुलट बाजू आत ठेवून मधोमध दुमडावा आणि नेफ्याची तोंडे मोकळी सोडून दोन्ही बाजूंना १ सेंटिमीटर आत शिवण घालावी. बटवा उलटवला की सुमारे १० सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर उंच होतो. त्यात दोन लाडू सहज मावतात.

नारळ द्यायचा असल्यास २२ सेंटिमीटर रुंद आणि ५६ सेंटिमीटर लांब तुकडा घ्यावा. शिवल्यानंतर पिशवीचा घेर सुमारे ४० सेंटिमीटर राहतो आणि सोललेला मध्यम नारळ त्यात बसतो. नारळाच्या वजनाने रेशीम शिवणीपाशी उसवते. म्हणून आतून जुन्या सुती धोतराचे किंवा साडीचे अस्तर द्यावे आणि साध्या धावदोऱ्याऐवजी उलटटाका घालावा.

जरीचा काठ शक्यतो नेफ्याच्या खाली, आडवा लावावा. जर वळणावर शिवल्यास तार तुटून बाहेर येते आणि बोटाला टोचते. नाडीसाठी ताण्याचे दहा-बारा धागे एकत्र पिळून दुहेरी करावेत. त्या दोन विरुद्ध बाजूंनी ओवल्या की बटव्याचे तोंड घट्ट मिटते. पान-सुपारीच्या चंचीची आठवण असलेल्या घरांत ही रीत वेगळी सांगावी लागणार नाही.

भेंडाचे फूल करण्यासाठी पातळ पट्टी किंचित ओलसर करावी, म्हणजे ती वळवताना मोडत नाही. पट्टीच्या एका कडेला कात्रीने बारीक चिरे द्यावेत, ती बारीक काडीभोवती गुंडाळावी आणि खालची बाजू दोऱ्याने बांधावी. चिकटवण्यास चिंचोक्याची खळ चालते. तंजावर चित्रांच्या फळीवर कापड चिकटवण्यासही हीच खळ परंपरेने वापरली जाते. भेंड चटकन पेट घेते, त्यामुळे अशी फुले लावलेल्या पिशव्या समईजवळ ठेवू नयेत.

आत काय ठेवावे

सुंडल ओले असते आणि कावेरीकाठच्या उष्ण हवेत काही तासांतच आंबते. ते द्रोणात वाढून तेथेच खायला द्यावे. पिशवीत कोरडा पदार्थच ठेवावा. ‘पोरी उरुंडै’ म्हणजे कुरमुऱ्यांचा लाडू हा तमिळ घरांत कार्तिक दीपाच्या सणाला होणारा पदार्थ यासाठी सोयीचा आहे. चार वाट्या कुरमुऱ्यांना साधारण एक वाटी गूळ लागतो. पाकाचा थेंब पाण्यात टाकल्यावर त्याची कडक गोळी झाली पाहिजे. पाक कच्चा राहिला तर लाडू दुसऱ्या दिवशी सादळतो. ‘एळ्ळु उरुंडै’ म्हणजे तिळाचा लाडू. त्याला एक वाटी भाजलेल्या तिळास पाऊण वाटी गूळ पुरतो. महाराष्ट्रातील वाचकांना तो तिळगूळच वाटेल.

खाऊ थेट रेशमावर ठेवू नये. रेशमाचा रंग आणि जरीतील धातू खाद्यपदार्थाला लागू शकतात, शिवाय तेलाचा डाग रेशमावरून जात नाही. लाडू आधी खाद्यपदार्थांच्या कागदात गुंडाळावा. वर्तमानपत्राचा कागद वापरू नये. त्याच्या शाईत आरोग्यास अपायकारक द्रव्ये असतात. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी अन्न बांधण्यासाठी वर्तमानपत्र वापरण्यास मनाई केली आहे. हळद आणि कुंकू यांच्या पुड्याही खाऊपासून वेगळ्या ठेवाव्यात. तंजावर चित्रांतून उरलेले काचेचे खडे शोभेसाठी लावायचे असतील, तर लहान मुलांना द्यायच्या पिशव्यांवर ते लावू नयेत.

पिशवी कोणाच्या हाती

तांबुलाच्या या सुंदर प्रथेला एक उणी बाजू आहे. विधवांना त्यातून वगळले जात असे आणि अनेक घरांत आजही वगळले जाते. महाराष्ट्राच्या हळदीकुंकवाविषयीही हेच म्हणावे लागते. या अन्यायाविरुद्धचा एक जुना आवाज कुंभकोणमचाच होता. १८३१ मध्ये येथे जन्मलेले आणि पुढे इंदूरचे दिवाण झालेले आर. रघुनाथराव यांनी विधवाविवाहाचा हिरिरीने पुरस्कार केला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासह त्यांनी १८८७ मध्ये मद्रास येथे राष्ट्रीय सामाजिक परिषदेचा पाया घातला. अलीकडे, मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा हा विषय महाराष्ट्रात पुन्हा चर्चेला आला.

खाऊची पिशवी या बाबतीत मोकळी आहे. लाडू, पाने आणि फळ घेण्यास कोणालाही आडकाठी असण्याचे कारण नाही. कुंकवाची पुडी वेगळी ठेवली, तर ती घ्यावी की नाही हे पाहुणीचे पाहुणीला ठरवता येते. यजमानाला मात्र कोणालाही रिकाम्या हाताने पाठवावे लागत नाही.

उरलेल्याचेही मोल

उरलेले साहित्य म्हणजे फुकटचे साहित्य, असा समज योग्य नाही. अस्सल जरीत चांदी असते आणि जुन्या जरीचे तुकडेही वजनावर विकले जातात. भेंडाचे काप निवडणे, ताण्याची टोके गुंता न होऊ देता बांधणे, हेही कारागिराचे श्रमच आहेत. म्हणून ही सामग्री विणकराकडून किंवा कारागिराकडून घेताना तिची किंमत मोजणे उचित ठरते. अशा पिशव्या विक्रीसाठी करायच्या असतील, तर त्यांवर ‘तिरुभुवनम रेशीम’ असे नाव घालण्याचा मोह टाळावा. मानांकन असलेले नाव कोणी आणि कशासाठी वापरावे, याला १९९९ च्या कायद्याने मर्यादा घातल्या आहेत.

कुंभकोणमपासून दूर असलेल्या मराठी घरांतही हे काम अवघड नाही. खणाची कातरणे, पैठणीचा जुना काठ, नऊवारीचा विरलेला पदर अशा वस्तू बहुतेक घरांत गाठोड्यात बांधून ठेवलेल्या असतात. टाकवत नाहीत आणि वापरातही येत नाहीत, अशी त्यांची स्थिती असते. संक्रांतीच्या वाणासाठी बाजारातून प्लॅस्टिकच्या वस्तू आणण्याआधी हे गाठोडे एकदा सोडून पाहावे. एका जुन्या साडीतून वीस-पंचवीस बटवे सहज निघतात, आणि आजीच्या साडीचा तुकडा शेजारणीच्या घरी तिळगूळ घेऊन जातो.