मेळघाटातील दुर्बीण

१८५३ च्या तहान्वये वऱ्हाडचा मुलूख निजामाकडून इंग्रजी अंमलाखाली गेला आणि गाविलगड-नरनाळ्याच्या डोंगरांत साहेबलोकांची शिकार सुरू झाली. तथापि दुर्बीण साहेबाच्या गळ्यात असली, तरी श्वापदाचे अंतर अजमावणारी नजर, माझ्या मते, कोरकू वाटाड्याचीच. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस आवर घातला, १९७३-७४ मध्ये याच डोंगरांत मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला. आता या रानासाठी दुर्बीण निवडायची, तर लेसर किरण परतण्यास लागणाऱ्या अवधीवरून अंतर सांगणारी दुर्बीण मुख्यतः नेमासाठी मोलाची. बंदूकच गेली, तेथे तिचे प्रयोजन काय? उलट, हाताचा कंप निवारून प्रतिमा स्थिर राखणारी दुर्बीण, वजनदार आणि खर्चीक खरी, परंतु मेळघाटातल्या सेमाडोहच्या सागवनात रानपिंगळा न्याहाळणाऱ्याने घ्यावी ती हीच.