गडावरचा वाघ्या, माहुलीचा खंड्या

आमचे खापरखेडा सावनेर तालुक्यात येते, आणि सावनेर म्हटले की मराठीच्या विद्यार्थ्याला आधी राम गणेश गडकरी आठवतात. २३ जानेवारी १९१९ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. 'राजसंन्यास' हे त्यांचे नाटक अपुरे राहिले. मात्र शिवछत्रपतींच्या चितेत उडी घेणारा वाघ्या कुत्रा मराठी मनात रुजला तो मुख्यतः या नाटकामुळे, असे सामान्यतः मानले जाते. पुढे १९३६ मध्ये रायगडावर महाराजांच्या समाधीजवळ वाघ्याचे स्मारक उभे राहिले. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी त्यासाठी अर्थसाहाय्य केले होते. ऑगस्ट २०१२ मध्ये हा पुतळा हटवण्यात आला व लगेच पुन्हा बसवण्यात आला. मार्च २०२५ मध्ये तो काढण्याची मागणी नव्याने झाली. समकालीन साधनांत या कुत्र्याचा पत्ता लागत नाही, हा मुख्य आक्षेप. आम्हांला तो रास्त वाटतो.

परंतु या वादाच्या धुरळ्यात भोसले घराण्याचा दुसरा एक कुत्रा दिसेनासा झाला आहे. साताऱ्याचे छत्रपती शाहू महाराज (कारकीर्द १७०८ ते १७४९) यांचा हा खंड्या. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर, माहुलीला, त्याची समाधी दाखवतात. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचे प्राण वाचवले आणि महाराजांनी त्याला जहागीर व पालखीचा मान दिला, अशी कथा आहे. ती निव्वळ लोककथा नव्हे. १८१८ नंतर साताऱ्यात इंग्रजांचा अधिकारी म्हणून राहिलेल्या आणि तेथील कागदपत्रे पाहिलेल्या ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासग्रंथात ती दिली आहे. कुत्र्याच्या नावे सनद निघाली आणि मंत्र्यांनी राजाची मर्जी राखून पालखीचा सरंजाम चालू ठेवला, असे तो सांगतो. कुत्र्याचे नाव तो देत नाही. ते मराठी परंपरेने जपले.

आता वाघाला आडवा जाणारा हा कुत्रा होता तरी कसा? आजचा वाचक मनात ग्रेट डेनसारखे प्रचंड धूड उभे करील. पण कुत्र्यांच्या 'जाती' नोंदवहीत बांधण्याची रीत फार अलीकडची. लंडनचा केनेल क्लब १८७३ चा. त्या ग्रेट डेनचेही मूळ जर्मनीत, नाव मात्र डेन्मार्कचे! (पारा पंचेचाळीस अंशांवर जाणाऱ्या आमच्या नागपूरकडे हौसेने त्याला पाळणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे, की त्याचे आयुष्य जेमतेम आठ-दहा वर्षांचे असते आणि त्या देहाला आमचा वैशाख सोसत नाही.)

खंड्याची जात सांगता येणार नाही. दख्खनचा उंच शिकारी कुत्रा मात्र आजही डोळ्यांसमोर आहे. तो कारवान. उंची सुमारे सत्तर सेंटिमीटर, लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट. वासापेक्षा नजरेने शिकार करणारा. अंगावर आखूड केस, म्हणून ऊन सोसतो. परक्याचा हात त्याला खपत नाही; धन्याशीही लाडीगोडी बेताचीच. त्याला धावायला मोकळे रान लागते, साखळीला बांधला की तो बिघडतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची शिकार बंद झाली आणि त्याचे पिढीजात कामही गेले. धनगर-शेतकऱ्यांनी भाकरीवर जगवलेल्या या कुत्र्याला जगात ओळख मिळाली ती 'मुधोळ' या संस्थानी नावाने. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी पंचम जॉर्ज बादशहाला त्याची जोडी भेट दिली होती. २००५ च्या टपाल तिकिटावरही तो मुधोळ म्हणूनच आला. सांभाळणाऱ्यांचे नाव मागे पडावे आणि देणाऱ्याचे राहावे, हे आपल्याकडे नवे नाही.

मग प्रश्न उरतो, की स्मरणात वाघ्याच का राहिला? आमच्या मते उत्तर कथेच्या दिशेत आहे. वाघ्याच्या कथेत सेवकाची निष्ठा धन्याकडे वाहते आणि चितेपाशी संपते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या नाटकाला हाच भाव हवा होता. खंड्याच्या गोष्टीत कृतज्ञता धन्याकडून सेवकाकडे येते. कुत्रा मरत नाही, पालखीत बसतो. यात शोकांतिका नाही, थोडा विनोदच आहे, आणि विनोदाला स्मारके मिळत नाहीत.

ग्रँट डफला त्यात विनोदही दिसला नाही. राजाच्या उतारवयातील बुद्धिभ्रंशाचे उदाहरण म्हणून त्याने हा प्रसंग नोंदवला. एका सरदाराच्या भेटीच्या वेळी शाहू महाराजांनी कुत्र्याला जरीवस्त्रे व जवाहीर घातले आणि आपले पागोटे त्याच्या डोक्यावर ठेवले, असे तो लिहितो. आणि पुढे जोडतो, की त्यानंतर महाराजांनी स्वतः पागोटे कधी घातले नाही.