सर्व्हर बदलला आणि मराठी दिसेनाशी झाली : एका जुन्या चुकीचा इतिहास

१/ रात्री डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवला जातो. सकाळी संकेतस्थळ उघडावे, तर मराठी मजकुराच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’, त्यामागे चलनाचे गोल चिन्ह, मध्येच जपानी येनचे चिन्ह, अशा रांगा दिसतात. ॲप्लिकेशन तेच, मजकूर तोच. नवा आहे तो केवळ सर्व्हर. मग बिघडले काय? आजचा धागा या बिघाडाच्या इतिहासाविषयी.

२/ संगणक अक्षर साठवत नाही, आकडे साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हा माणसांनी केलेला करार असतो. मोडी कागद पूर्ण शाबूत असूनही मोडी न जाणणाऱ्याला तो मुका वाटतो. इथेही तसेच आहे. प्रश्न कागद फाटल्याचा आहे की वाचणारा चुकल्याचा, हे आधी ठरवावे लागते.

३/ युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर बहुधा फाँटच्या आधाराने टिकून होता. रोमन अक्षरांच्या आकड्यांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. फाँट असेल तर मराठी, नसेल तर निरर्थक रोमन अक्षरे. अशा अनेक फाँटमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी, म्हणजे व्यंजनाच्या आधी साठवली जाई. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते.

४/ १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ हे मानक प्रसिद्ध केले. ब्राह्मीकुळातील भारतीय लिप्यांसाठी त्यात एक सामाईक आकडेपट होता. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या रूपावर आधारलेली आहे. मराठीला जागतिक करारात स्थान मिळाले ते असे.

५/ हे आकडे प्रत्यक्ष साठवायचे कसे? सप्टेंबर १९९२मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात, ताटाखालच्या कागदावर ‘यूटीएफ-८’ची पद्धत आखली. तीनुसार इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी वर्णाला तीन. ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४.

६/ हेच तीन बाइट पश्चिम युरोपीय ‘लॅटिन-१’ कराराने वाचले, तर २२४ म्हणजे तिरप्या रेघेचा ‘ए’, १६४ म्हणजे चलनाचे गोल चिन्ह आणि १७४ म्हणजे वर्तुळातला ‘आर’. देवनागरीच्या प्रत्येक वर्णाचा पहिला बाइट २२४च असतो. म्हणून त्या रांगांत तोच ‘ए’ पुन्हा पुन्हा येतो.

७/ दुसरा बाइट १६४ तरी असतो किंवा १६५. विभागणीची रेषा नेमकी दोन वेलांट्यांच्या मधून जाते : पहिली वेलांटी १६४च्या गटात, दुसरी १६५च्या. १६५ म्हणजे येन. त्यामुळे ‘मराठी’ या शब्दात चार वेळा गोल चिन्ह दिसते आणि शेवटच्या दीर्घ ईकाराला येन. हा कचरा नव्हे. चुकीच्या चष्म्यातून दिसणारी ही मराठीच आहे.

८/ आता हा चष्मा कुठून आला ते पाहू. मायएसक्यूएल हा डेटाबेस १९९५ साली स्वीडनमध्ये जन्मला. त्याचा मूळ करार लॅटिन-१ आणि वर्णक्रम स्वीडिश. २००४च्या ४.१ आवृत्तीपासून प्रत्येक तक्त्याला व प्रत्येक जोडणीला स्वतंत्र करार देण्याची सोय झाली. पण कोणी काही न सांगितल्यास लॅटिन-१ हेच गृहीत धरले जाई.

९/ त्या काळातील पुष्कळ ॲप्लिकेशनांनी काहीच सांगितले नाही. मराठी बाइट आले, लॅटिन-१ समजून साठवले गेले, तसेच परत दिले गेले. पानाने ब्राउझरला ‘हे यूटीएफ-८ आहे’ असे कळवले आणि मराठी नीट दिसली. जाताना एक चूक, येताना तिच्या उलट दुसरी. दोन चुका एकमेकींना झाकत राहिल्या.

१०/ २०१८च्या ८.० आवृत्तीने ‘यूटीएफ-८-एमबी-४’ हा करार मूळ म्हणून स्वीकारला. नव्या सर्व्हरवर जोडणी आता खरे बोलते; पण जुना तक्ता अजूनही ‘मी लॅटिन-१’ असेच सांगतो. सर्व्हर प्रामाणिकपणे एका करारातून दुसऱ्यात भाषांतर करतो आणि पडद्यावर तो ‘ए’ उमटतो. बिघाड काल रात्रीचा नव्हे. काल रात्री तो केवळ उघडा पडला.

११/ इथे घाईने केलेला उपाय घातक ठरतो. तक्ता थेट यूटीएफ-८मध्ये रूपांतरित करण्याची आज्ञा दिली, तर सर्व्हर त्या खोट्या पाश्चात्त्य अक्षरांचेच रूपांतर करतो. ‘म’चे तीन बाइट सहा होतात. गुंता वाढतो, तरी तो उलट क्रमाने सोडवता येतो.

१२/ सोडवता येत नाही ते प्रश्नचिन्ह. लॅटिन-१मध्ये मराठीला जागाच नाही. जोडणी खरी आणि तक्ता जुना असताना नवा मराठी मजकूर आला, तर कडक नियम लावलेला सर्व्हर तो नाकारतो. शिथिल ठेवलेला सर्व्हर प्रत्येक वर्णाच्या जागी ६३ हा आकडा, म्हणजे प्रश्नचिन्ह साठवतो. मूळ बाइट तिथे उरतच नाहीत.

१३/ म्हणून क्रम असा : प्रथम नव्या नोंदी थांबवाव्यात. जुना सर्व्हर पुसू नये. मग पडदा न पाहता साठवलेले बाइट पाहावेत. ‘म’ तीन बाइटचा असेल तर मजकूर शाबूत आहे. सहा बाइटचा असेल तर दुहेरी रूपांतर झाले आहे. ६३ दिसला, तर जुनी प्रत हाच एक आधार.

१४/ बाइट शाबूत असतील, तर प्रतीवर काम करून आधी रकाना ‘केवळ बाइट’ या प्रकारात न्यावा. तिथे कोणताही करार लागू नसतो, म्हणून सर्व्हर भाषांतर करत नाही. मग त्यावर यूटीएफ-८-एमबी-४चे नाव लावावे. मजकुराला हात न लावता फक्त चिठ्ठी बदलायची, एवढाच हा उपाय.

१५/ एक अडथळा उरतो. पाचव्या आवृत्तीपूर्वी छोट्या मजकुराच्या रकान्याची मर्यादा २५५ होती. लॅटिन-१च्या हिशेबाने ते २५५ बाइट, म्हणजे मराठीचे जेमतेम ८५ वर्ण. शब्दांमधली मोकळी जागा एकेका बाइटची, त्यामुळे लांब शीर्षकाचा छेद कधी ऐन वर्णाच्या मध्ये पडे. ते अर्धे वर्ण आता रूपांतर अडवतात. ते शोधून छाटावे लागतात.

१६/ आणि मोडी? २०१४च्या ७.० आवृत्तीत ती युनिकोडमध्ये आली. पण तिच्या प्रत्येक वर्णाला चार बाइट लागतात. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ-८’ तीन बाइटांपुढे जातच नसे. चार बाइटांची सोय २०१०मधील ५.५.३ आवृत्तीपासूनची. मोडी लिप्यंतराचा संग्रह जुन्या रकान्यात ठेवणाऱ्याने हे आवर्जून तपासावे.

१७/ अभिलेख जपणे म्हणजे कागद जपणे, तसेच तो वाचण्याची रीतही जपणे. आपल्या संस्थेचा, मंडळाचा वा ग्रंथालयाचा जुना डेटाबेस हलवायचा असेल, तर तो कोणत्या करारात साठवला आहे हे आजच तपासून लिहून ठेवावे. जुना सर्व्हर चालू आहे तोवरच हे सहज कळते. धागा समाप्त.