जंजिऱ्याचा गाईड आणि पावनखिंडीतला सिद्दी

आमचा तालुका शाहूवाडी. पन्हाळ्याहून निघून विशाळगडाला पोहोचणारी १६६० सालची ती आषाढातली वाट आमच्याच तालुक्यातून जाते. दर जुलैत शेकडो पोरं पन्हाळा ते पावनखिंड चालत येतात. पायांत चिखल, अंगावर जळवा, खांद्यावर भगवा झेंडा. आम्हीही लहानपणी ही वाट चाललो आहोत. बाजीप्रभूंचा धडा वर्गात सुरू झाला की सगळ्यांच्या अंगावर काटा यायचा, तसा माझ्याही यायचा. त्या धड्यात मी कुणाच्या बाजूचा, हा प्रश्न मला तेव्हा कधी पडला नव्हता.

माझ्या लेकीला तो पडला, किंवा पाडला गेला. सातवीत असताना तिची सहल पावनखिंडीला गेली. शिड्या उतरताना वर्गातला एक मुलगा चेष्टेत म्हणाला, "तुमचाच सिद्दी लागला होता की मागं!" सगळे हसले, तीही हसली. रात्री जेवताना मात्र तिने विचारलं, "अब्बा, सिद्दी आपला कोण लागतो?"

याचं उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखं नव्हतं. जानेवारीत चार दिवसांची सवड काढून आम्ही जंजिऱ्याला गेलो. आंबा घाट उतरून महामार्गाने माणगाव, मग म्हसळा, दिघी, तिथून फेरीबोटीने आगरदांडा आणि पुढे मुरूड. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी निघते. होडीतल्या घोळक्याला सगळ्यांना मिळून माहिती सांगणारा एक जण असतोच. पण लेकीचे प्रश्न फार असतात, म्हणून आम्ही एक गाईड फक्त आमच्यासाठी ठरवला. वय पन्नाशीच्या आसपास, आवाज खणखणीत, आणि सगळं पाठ.

'जंजिरा' हा शब्द अरबी 'जझीरा'वरून आला. जझीरा म्हणजे बेट. म्हणजे आपण 'जंजिरा बेट' म्हणतो तेव्हा 'बेट बेट' असंच म्हणत असतो. लेकीला हे फार आवडलं. होडी तटाच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसतच नाही, तेव्हा ती गप्प झाली.

गाईडने सुरुवात केली ती बावीसच्या पाढ्याने. बावीस एकर जागा, बावीस वर्षं बांधकाम, बावीस बुरूज. बहुतेक पुस्तकांत बुरूज एकोणीस दिले आहेत. पण बावीसला जी लय आहे ती एकोणीसला नाही. मी काही बोललो नाही.

दरवाजाशी आल्यावर त्याने भिंतीवरचं शिल्प दाखवलं. वाघासारखा एक प्राणी, त्याच्या चारही पंजांत, तोंडात आणि शेपटीत हत्ती धरलेले. "याचा अर्थ, सिद्दीनं सहा राज्यं अशी दाबून ठेवली होती," तो म्हणाला. हा शरभ. दख्खनच्या किल्ल्यांवर तो अनेक ठिकाणी आहे. शिवनेरीवर आहे, रायगडावरही आहे. सत्ता कुणाचीही असो, दरवाजा घडवणारे पाथरवट इथल्याच मातीतले होते, आणि बळ दाखवायची त्यांची चित्रभाषा एकच होती. एका घराण्याची बढाई म्हणून ती वाचली की तो सगळा दख्खन नजरेआड होतो.

आत गेल्यावर त्याने सांगितलं, "हा किल्ला मलिक अंबरनं बांधला." इथे मात्र मला राहवेना. मुळात या खडकावर कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो निजामशाहीच्या पिरमखानाने घेतला. व्यापारी असल्याची बतावणी करून, दारूच्या पिंपांचं निमित्त सांगून त्याने माणसं आत घुसवली, अशी कथा आहे. दगडी तट सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभा राहिला. मलिक अंबरच्या हाती निजामशाहीची सूत्रं आली ती त्यानंतर, १६०० च्या पुढे. त्याचं गाव हे नव्हे. त्याने वसवलेली खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद, आणि तिथे त्याने आणलेलं नहरीचं पाणी लोक शतकानुशतकं प्याले.

पण नाव निघालंच होतं, म्हणून तटावर बसून लेकीला मलिक अंबरबद्दल सांगितलं. तो इथिओपियातला. पोरवयात गुलाम म्हणून विकला गेला, बाजारामागून बाजार करत दख्खनला पोहोचला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान हाही हबशीच होता. विकलेलं ते पोर पुढे त्याच राज्याचं कर्तंधर्तं झालं आणि मोगलांना दख्खनमध्ये शिरणं त्याने अवघड करून ठेवलं. डोंगरदऱ्यांचा आधार घेऊन शत्रूची रसद तोडायची, समोरासमोरची लढाई टाळायची, ही युद्धपद्धत त्याने मराठा घोडदळाच्या जोरावर चालवली. १६२४ साली भातवडीला मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजेला त्याने हरवलं, तेव्हा शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढत होते. शहाजीराजांचे भाऊ शरीफजी त्या लढाईत पडले.

"म्हणजे शिवाजी महाराजांचे वडील हबशाच्या सैन्यात?" लेकीने विचारलं.

"निजामशाहीच्या सैन्यात. आणि त्या सैन्याचा कारभारी हबशी."

लेकीने 'अब्बा' म्हटल्यापासून गाईडचा सूर बदलल्याचं मला जाणवत होतं. आधी तो "सिद्दी फार क्रूर" म्हणत होता. आता "हा किल्ला कधीच कुणाला घेता आला नाही, आपल्या लोकांनी काय जपला बघा" असं सुरू झालं. मी हसून म्हटलं, "भाऊ, आमच्या पणजोबांनी शाहूवाडीत नाचणी पेरली. त्यांनी कुठला किल्ला जपला?" तोही हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईक बघून सांगावं लागतं. नाहीतर पोट कसं चालायचं?"

त्याचा मला राग आला नाही. तो निदान कबूल तरी करत होता. गिऱ्हाईक बघून इतिहास सांगणारे आज व्यासपीठांवर आहेत, मोबाईलवर आहेत. आपल्यातही आहेत. 'अजिंक्य जंजिरा' असं लिहून तलवारीचं चित्र फिरवणारी आपली पोरं मी पाहिली आहेत. त्यांना जंजिऱ्याची दुसरी बाजूही ठाऊक हवी. सिद्दींच्या आरमाराने किनाऱ्यावरची गावं लुटली, माणसं धरून नेली. महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या घराण्याची कथा अशी सांगतात की, त्यांचे वडील आवजी हरी जंजिऱ्याच्या नोकरीत होते. सिद्दीची मर्जी फिरली, त्यांना ठार केलं आणि बायकापोरांना विकायला पाठवलं. राजापूरला मामाने त्यांना सोडवून घेतलं. ज्यांचे पूर्वज स्वतः बाजारात उभे राहिले होते, त्यांनी दुसऱ्यांची पोरं बाजारात उभी केली. 'आपला किल्ला' म्हणून छाती फुगवायची, तर हेही आपल्या पदरात घ्यावं लागेल.

तटावरून समोर कासा बेटावरचा पद्मदुर्ग दिसतो. सिद्दीला वेसण घालण्यासाठी महाराजांनी तो बांधला. महाराजांच्या आरमारात मायनाक भंडारी होते, तसे दौलतखानही होते. १६७९ साली खांदेरीच्या पाण्यात हे दोघं इंग्रजांशी आणि सिद्दीशीही लढले. १६७० च्या सुमारास जंजिऱ्याचा कारभारी फत्तेखान महाराजांच्या दबावापुढे किल्ला द्यायला तयार झाला होता. संबळ, कासिम आणि खैरियत या त्याच्याच सरदारांनी त्याला कैद केलं आणि मोगलांची चाकरी पत्करली. १६८२ साली संभाजी महाराजांनी राजपुरीकडून समुद्रात भर टाकून किल्ल्यापर्यंत वाट करायला घेतली होती. मोगल कल्याणकडे उतरल्यामुळे त्यांना परत फिरावं लागलं. या सगळ्या हालचाली राज्यांच्या आहेत. कोण कुठल्या धर्माचा, यावरून कोण कुणाकडे असेल हे आधी सांगता येत नाही.

परतीच्या वाटेवर खोकरीला थांबलो. तिथे सिद्दी सरदारांच्या तीन दगडी कबरी आहेत. मी फातिहा पढलो. त्यांच्या राज्यासाठी नव्हे. कबर दिसली की पढायचं, ही आमच्या अम्मीची शिकवण. हे राज्य १९४८ साली भारतात विलीन झालं. त्याची प्रजा बहुसंख्येने हिंदू होती, आणि मुरूडचे कोळी-आगरी-मुसलमान आज एकाच धक्क्यावर मासळी उतरवतात.

लेकीचा मूळ प्रश्न राहिलाच होता. पावनखिंडीतला सिद्दी कोण?

तो जंजिऱ्याचा नव्हे. पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर हा आदिलशाहीचा सरदार, कर्नूल भागात बळ कमावलेला. आदिलशहाने त्याला सलाबतखान हा किताब देऊन या मोहिमेवर पाठवलं. मार्च १६६० पासून जुलैपर्यंत त्याने पन्हाळा आवळून धरला. राजापूरच्या इंग्रजांनी तोफा आणून त्याला मदत केली, आणि महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापूरच्या वखारीवर जाऊन त्याचा हिशेब चुकता केला. शिवा काशिदांनी महाराजांचं सोंग घेऊन प्राण दिले. जौहरचा जावई सिद्दी मसूद पाठलागावर निघाला. घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांनी त्याला रोखलं, आणि घोडखिंडीची पावनखिंड झाली.

इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. तो वेढा बाहेरून फोडण्यासाठी नेताजी पालकर चालून आले, तेव्हा त्यांच्यासोबत सिद्दी हिलाल होता. तोही हबशीच, पण महाराजांच्या चाकरीत. त्याचा तरुण मुलगा वाहवाह जौहरच्या फौजेशी लढताना जखमी झाला आणि शत्रूच्या हाती सापडला. म्हणजे पन्हाळ्याच्या पायथ्याशी सिद्दीच्या समोर सिद्दी उभा होता, आणि त्यातल्या एका बापाने स्वराज्यासाठी पोटचा पोर गमावला.

आणि खिंडीच्या पलीकडे? महाराज विशाळगडाशी पोहोचले तेव्हा गडाला वेढा होता तो शृंगारपूरच्या सूर्यराव सुर्व्यांचा आणि पालवणच्या जसवंतराव दळव्यांचा. ते आदिलशाहीकडून आले होते. रात्रभर चाललेल्या माणसांना तो वेढा फोडून वर जावं लागलं. मागून सिद्दी मसूद, पुढून सुर्वे-दळवी. आता त्या सहलीतल्या मुलाचं आडनाव सुर्वे असतं, तर त्याला कुणी 'तुमचाच सुर्वे' म्हणालं असतं का? म्हणूही नये. तीनशे साठ वर्षांपूर्वीच्या एका सरदाराची चाकरी आजच्या पोराच्या माथी मारणं हे सुर्व्यांच्या बाबतीत जितकं वेडेपणाचं, तितकंच माझ्या लेकीच्या बाबतीत.

शिवाय सिद्दी हा काही धर्म नव्हे. कोल्हापूरपासून फार लांब नाही, उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हल्याळच्या जंगलपट्टीत सिद्दी समाज आजही राहतो. त्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत. आफ्रिकेतून जहाजांत घालून आणलेल्या माणसांची ती लेकरं. 'तुमचा सिद्दी' म्हणायचंच, तर तो कुणाकुणाचा?

हे मी इतक्या तपशिलाने का लिहितो आहे, ते आमच्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडावरच्या अतिक्रमणांविरुद्धच्या आंदोलनाच्या वेळी पायथ्याच्या गजापुरात घरांवर आणि मशिदीवर हल्ला झाला. अतिक्रमणांचा प्रश्न कायद्याचा होता आणि आहे. तो कुणी मांडू नये, असं माझं म्हणणं नाही. पण गजापुरातल्या ज्या बायका त्या दिवशी पोरांना घेऊन रानात पळाल्या, त्यांचा कुठल्या अतिक्रमणाशी काय संबंध होता? विशाळगडावर मलिक रेहान यांचा दर्गा आहे. तिथे नवस बोलायला जाणाऱ्यांत हिंदू किती आणि मुसलमान किती, हे आमच्या तालुक्यात कुणी मोजत नसे. पावनखिंडीच्या लढाईची आठवण ताजी असते त्याच दिवसांत, त्याच वाटेवर हे घडलं. खिंडीतली गोष्ट अर्धी सांगितली की असं होतं. हिलालला गाळायचं, सुर्व्यांना गाळायचं, आणि उरलेल्या गोष्टीत एक 'आपण' आणि एक 'ते' करायचे. मग 'ते' शोधायला फार लांब जावं लागत नाही. शेजारचं घर पुरतं.

राजपुरीच्या धक्क्यावर गाईडला पैसे देताना तो म्हणाला, "साहेब, ते मलिक अंबरचं सांगितलंत, ते खरं ना? उद्यापासून तसं सांगतो." मग जरा थांबून, "बावीस मात्र राहू द्या. लोकांना आवडतं." मी म्हटलं, "राहू द्या."

घरी आल्यावर लेकीने वहीत एका पानावर दोन रकाने आखले. एक महाराजांच्या बाजूचे, दुसरा समोरचे. पहिल्यात नेताजी, बाजीप्रभू, शिवा काशिद, सिद्दी हिलाल, वाहवाह, दौलतखान. दुसऱ्यात जौहर, मसूद, सुर्वे, दळवी, राजापूरचे इंग्रज. तिने पान उलट-सुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "आडनावावरून काहीच कळत नाही, अब्बा."

सोमवारी वही शाळेत गेली. संध्याकाळी मी विचारलं, त्या मुलाला दाखवलीस का? म्हणाली, दाखवली. त्याने वाहवाहचं नाव दोनदा वाचलं आणि विचारलं, "मग ह्याचा धडा कुठाय?"